काचेच्या पेटीतले संविधान आणि भोकरदनचे बस्ते

संविधानाची जी हस्तलिखित प्रत दिल्लीत संसदेच्या ग्रंथालयाने जपून ठेवली आहे, तिच्यात ‘मराठवाडा’ हा शब्द नाही. ‘निजाम’ मात्र आहे. कलम ३६६ मध्ये राजप्रमुख म्हणजे कोण, याची व्याख्या दिली आहे. हैदराबाद राज्यापुरता राजप्रमुख म्हणजे राष्ट्रपती ज्यांना हैदराबादचे निजाम म्हणून मान्यता देतील ती व्यक्ती, असे तिथे लिहून ठेवले आहे. भोकरदन तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात, औरंगाबाद हैदराबाद राज्यात, आणि हैदराबाद हे पहिल्या अनुसूचीच्या ‘ब’ भागातले पहिलेच नाव. २६ जानेवारी १९५० रोजी भोकरदनचा माणूस भारतीय प्रजासत्ताकाचा नागरिक झाला तो असा, निजाम राजप्रमुख असलेल्या राज्याचा रहिवासी म्हणून.

मराठवाड्याचे नाव संविधानात आले ते १९५६ साली, सातव्या दुरुस्तीने, कलम ३७१ मध्ये. त्या कलमाचा आकडा तोच राहिला, आतला मजकूर पार बदलला. मूळ प्रतीत कलम ३७१ ने हैदराबादसारख्या ‘ब’ राज्यांवर दहा वर्षे केंद्राचे नियंत्रण ठेवले होते. दुरुस्तीनंतर त्याच आकड्याखाली विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी विकास मंडळांची तरतूद आली. ज्या कलमाने आमच्यावर देखरेख बसवली, त्याच कलमाचा हवाला देऊन आम्ही पुढे अनुशेष मागू लागलो.

पुढच्या पानांचा विषय आहे हक्कांचे दस्तऐवज: ते कसे जन्मले, कुणी लिहिले, कुठे ठेवले, कसे टिकले. या विषयावर जे लिहिले जाते ते बहुतेक दिल्ली, लंडन आणि वॉशिंग्टनपाशी थांबते, कारण देखणी काचपेटी तिथे आहे. मला तो विषय भोकरदनहून बघायचा आहे. इथून बघितले की एक गोष्ट ठळक होते. संविधानातला हक्क दिल्लीच्या प्रतीत लिहिलेला असला, तरी तो आपला आहे हे सिद्ध करायला माणसाला लागतो तो तहसीलच्या अभिलेख कक्षातला कागद: खासरा पत्रक, शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, जन्म-मृत्यूची नोंद, मतदारयादी. पहिल्या कागदासाठी देशाने परदेशातून शास्त्रज्ञ बोलावले. दुसऱ्याला फडक्यात बांधून रॅकवर ठेवले. दुसरा कागदही पहिल्याइतकाच मूलभूत आहे, असे माझे म्हणणे आहे आणि ते मी या प्रस्तावनेत मांडणार आहे.

आधी रिकाम्या खुर्च्यांबद्दल. घटना समितीत संस्थानांना साधारण दहा लाख लोकसंख्येमागे एक, असे प्रतिनिधित्व ठरले होते. त्या हिशेबाने हैदराबादच्या वाट्याला १६ जागा येत होत्या. त्या भरल्याच गेल्या नाहीत. निजामाने सामीलनाम्यावर सही केली नव्हती. २९ नोव्हेंबर १९४७ चा जैसे थे करार तेवढा केला होता. भारताच्या ‘पोलीस कारवाई’नंतर १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान शरण आले. त्यानंतर दोन-अडीच महिन्यांतच, नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये, घटना समितीत मूलभूत हक्कांवरची चर्चा झाली. अस्पृश्यता नष्ट करणारे कलम २९ नोव्हेंबरला संमत झाले. घटनात्मक उपायांचा हक्क, ज्याला बाबासाहेबांनी संविधानाचा आत्मा म्हटले, तो ९ डिसेंबरला. त्या दिवसांत हैदराबादेत जनरल चौधरींचा लष्करी अंमल होता आणि मराठवाड्यातून बोलायला सभागृहात कुणी नव्हते. ज्या मुलखात वेठबिगार ही रोजची गोष्ट होती, त्या मुलखाच्या गैरहजेरीत वेठबिगारीविरुद्धचे कलम झाले.

शेजारचे चित्र वेगळे होते. भोकरदनहून धाडच्या रस्त्याने निघाले की थोड्याच वेळात बुलढाणा जिल्हा लागतो. तो वऱ्हाडाचा भाग. कागदोपत्री वऱ्हाडही निजामाचेच होते, पण कारभार इंग्रजांकडे गेला होता, आणि मध्य प्रांत-वऱ्हाडातून पंजाबराव देशमुखांसारखे लोक घटना समितीत बसले होते. शिवाराला शिवार लागलेले, सोयरीक इकडची तिकडे, बाजार एकच. पण हद्दीच्या एका अंगाचा शेतकरी संविधान घडत असताना दिल्लीत प्रतिनिधी असलेला, आणि दुसऱ्या अंगाचा नसलेला.

ही हद्द कशी पडली, याचा एक धागा भोकरदन तालुक्यातच सापडतो. केळना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात असई आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. पुढे वॉटर्लू जिंकणारा वेलिंग्टन तो हाच. त्याच वर्षाअखेर देवगाव आणि सुर्जी-अंजनगावचे तह झाले. भोसल्यांचे वऱ्हाड सुटले, अजिंठ्याच्या डोंगराच्या दक्षिणेचा शिंद्यांचा मुलूख जालन्यासकट सुटला, आणि नंतरच्या वाटणीत यातला बराचसा भाग इंग्रजांचा दोस्त म्हणून निजामाच्या पदरात पडला. असईची लढाई आम्हाला शाळेत शिकवली गेली ती तोफा आणि घोडदळाची म्हणून. ती आमच्या नागरिकत्वाच्या इतिहासातही येते, हे कुणी सांगितले नाही. तहनामा हाही शेवटी हक्कांचाच कागद. फक्त तो ज्यांच्याबद्दल असतो त्यांना कुणी विचारत नाही.

निजामी अमलात रयतेला सवलत मिळे, हक्क मिळत नसे. फर्मान निघे आणि फर्मानच मागे घेतले जाई. सभेसाठी आधी परवानगी घ्यायला लावणारी ‘गश्ती निशाण ५३’ ही अधिसूचना त्या काळच्या माणसांच्या तोंडी शिवीसारखी होती. व्याख्यानमाला, ग्रंथालयाचे उद्घाटन, काहीही करायचे तर आधी अर्ज. अशा काळात १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, गोविंदराव नानलांच्या अध्यक्षतेखाली. परतूर आज जालना जिल्ह्यात आहे. नागरी स्वातंत्र्य आणि जबाबदार राज्यपद्धती या मागण्या मराठवाड्यात संघटितपणे बोलल्या गेल्या त्या या परिषदेच्या मांडवात. पुढच्याच वर्षी स्टेट काँग्रेसवर बंदी आली, सत्याग्रह झाला, औरंगाबादच्या कॉलेजात वंदे मातरम् म्हणण्यावरून विद्यार्थ्यांनी संप केला. हक्कांचा दस्तऐवज म्हटला की डोळ्यांपुढे राष्ट्रीय नेते येतात. माझ्या मते परतूरचे ठरावही त्याच कपाटात ठेवायला हवेत.

महाराष्ट्रात त्या आधीचा आणखी एक जाहीरनामा आहे, आणि तो फार कमी वाचला जातो. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली गेली, हे पोरालाही ठाऊक असते. त्याच परिषदेत जन्मसिद्ध हक्कांचा जाहीरनामा मांडला गेला आणि त्या वेळच्या भाषणात बाबासाहेबांनी १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रसभेची आठवण काढली, याकडे मात्र लक्ष जात नाही. जाळलेल्या पुस्तकाची आठवण टिकली, लिहिलेल्या जाहीरनाम्याची मागे पडली. माणसे मांडलेल्यापेक्षा जाळलेले जास्त लक्षात ठेवतात असे दिसते. बाबासाहेबांच्या निधनानंतर त्यांचे हस्तलिखित कागद कित्येक वर्षे पेट्यांत बंद होऊन सरकारी ताब्यात पडून होते. महाराष्ट्र शासनाने लेखन आणि भाषणांचे खंड काढायला १९७९ मध्ये सुरुवात केली. वसंत मून यांनी त्यासाठी जे केले, ते एरवी एखाद्या संस्थेला झेपले नसते. ज्याने देशाच्या हक्कांचा मसुदा केला, त्याच्या स्वतःच्या टिपणांची ही गत झाली होती.

आता फर्मानाकडे. २६ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीने संविधान स्वीकारले. त्याच्या दोन-तीन दिवस आधी निजामाने एक फर्मान काढले आणि भारताचे संविधान हैदराबादला लागू राहील, असे जाहीर केले. त्यात हैदराबादच्या लोकांच्या मान्यतेचीही भाषा होती. त्यासाठी राज्याची स्वतंत्र घटना समिती नेमायची कल्पना होती. ती समिती कधी बसलीच नाही. ‘आम्ही भारताचे लोक’ अशी ज्याची सुरुवात आहे, तो दस्तऐवज आमच्याकडे एका राजाच्या सहीने आला. प्रजेला सार्वभौम करणारे हे शाही फर्मान. त्यातला विरोधाभास कुणाला खुपेल, कुणाला मौजेचा वाटेल. मला तो खुपत नाही, कारण १९५२ च्या निवडणुकीत भोकरदनच्या बायाबापड्यांनी केलेले मतदान हीच त्या फर्मानावरची खरी मान्यता होती. मात्र फर्मान आणि २६ जानेवारी यांमधल्या दोन महिन्यांच्या फटीत काही माणसे अडकली. तेलंगणातल्या शेतकरी लढ्यातील कैद्यांना फाशीच्या शिक्षा झाल्या होत्या आणि हैदराबाद हायकोर्टाने त्या डिसेंबर १९४९ मध्ये कायम केल्या. जनार्दन रेड्डी खटला म्हणून ओळखले जाणारे ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले, तेव्हा निकाल २६ जानेवारीच्या आधीचा म्हणून अपिलाचा दरवाजा बंद असल्याचे सांगण्यात आले. हक्काच्या कागदाला तारीख असते, आणि ती तारीख कुणाला आत घेते, कुणाला बाहेर ठेवते.

दिल्लीची प्रत कशी झाली, हे सविस्तर सांगण्यासारखे आहे. इंग्रजी प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी इटालिक वळणाने हाताने लिहिली. मानधन नको, प्रत्येक पानावर माझे नाव आणि शेवटच्या पानावर आजोबांचे नाव हवे, एवढीच त्यांची अट होती असे सांगतात. हिंदी प्रत लिहिली वसंत कृष्ण वैद्य यांनी, आणि तिचा कागद पुण्याच्या हातकागद केंद्रातून गेला होता. रायजादांचे नाव दरवर्षी २६ जानेवारीला मोबाइलवर फिरते, वैद्यांचे क्वचितच. पानांची सजावट नंदलाल बोस आणि शांतिनिकेतनच्या चित्रकारांची, उद्देशिकेचे पान ब्योहार राममनोहर सिन्हा यांचे. निवडणुकांच्या भागावर, म्हणजे पंधराव्या भागाच्या माथ्यावर, शिवाजी महाराज आणि गुरू गोविंदसिंग आहेत. गुरू गोविंदसिंगांचा अखेरचा मुक्काम नांदेडला, म्हणजे पुढे निजामाकडे राहिलेल्या मुलखातच होता. चित्रकाराने तो विचार केला असेल असे नाही, पण मराठवाड्याच्या वाचकाची नजर तिथे थोडी रेंगाळते.

२४ जानेवारी १९५० ला सदस्यांनी सह्या केल्या. २८४ सह्या आहेत. मग डेहराडूनला भारतीय सर्वेक्षण विभागाच्या छापखान्यात फोटोलिथोग्राफीने हजार प्रती काढल्या. नकाशे छापणाऱ्या खात्याकडे हे काम गेले, कारण इतक्या बारीक रेषा आणि रंग सांभाळणारी यंत्रे त्यांच्याकडेच होती. ती यंत्रे अलीकडे भंगारात निघाली. यंत्रे जपायची असतात हे आपल्या अजून पचनी पडलेले नाही; प्रत जपली की काम झाले, असा आपला हिशेब.

आणि ती प्रत तरी कशी जपली? सुरुवातीला फ्लॅनेलच्या कापडात गुंडाळून, डांबराच्या गोळ्या घालून. आजीच्या पैठणीची जी व्यवस्था, तीच. यात हसण्यासारखे काही नाही; कसर लागू नये म्हणून आपल्याकडे हाच उपाय होता आणि तो चाळीस वर्षे बऱ्यापैकी चालला. पण कागदाचा शत्रू फक्त कीड नसते. हवेतला प्राणवायू, दमटपणाचा चढउतार, उजेड आणि कागदाच्या पोटातले आम्ल हे सगळे मिळून तो पिवळा आणि ठिसूळ करतात. म्हणून दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने हवाबंद पेटी करून बघितली, पण ती गळायची थांबेना. अखेर अमेरिकेतल्या गेटी कॉन्झर्व्हेशन इन्स्टिट्यूटची मदत घेतली. इजिप्तच्या राजांच्या ममींसाठी प्राणवायूविरहित पेट्या त्यांनी आधी केल्या होत्या. १९९४ मध्ये संविधानाच्या दोन्ही प्रती निष्क्रिय वायू भरलेल्या अशा पेट्यांत गेल्या. आतली आर्द्रता ठरावीक मर्यादेत ठेवतात, कारण फार कोरडे झाले की चर्मपत्रासारखा कागद आक्रसतो आणि फार दमट झाले की बुरशी धरतो.

अमेरिकेचे स्वतःचे उदाहरणही फारसे अभिमानास्पद नाही. त्यांचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा एकोणिसाव्या शतकात पेटंट ऑफिसच्या भिंतीवर खिडकीसमोर सुमारे ३५ वर्षे टांगला होता. आज शाई इतकी उडाली आहे की सह्या डोळ्यांना ताण देऊन वाचाव्या लागतात. १९५१-५२ मध्ये त्यांनी हीलियमच्या पेट्या केल्या. पुढे काचेच्या आतल्या बाजूला झीज दिसू लागली, तेव्हा २००३ पर्यंत टायटॅनियमच्या चौकटीत आर्गॉन भरून नव्या पेट्या केल्या. हीलियमचे कण फार बारीक, ते फटीतून निसटतात. आर्गॉन जड म्हणून टिकतो. जगातला सगळ्यात श्रीमंत देशसुद्धा हे चुका करत शिकला.

पण पेटीतली प्रत आणि चालू कायदा एकच आहेत, असा गैरसमज कुणी करून घेऊ नये. पेटीतल्या उद्देशिकेत ‘समाजवादी’ आणि ‘धर्मनिरपेक्ष’ हे शब्द नाहीत. ते १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने आले. पेटीतल्या मूलभूत हक्कांत मालमत्तेचा हक्क आहे; १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने तो त्या यादीतून काढला. आज भूसंपादनाची नोटीस आलेला शेतकरी हस्तलिखित प्रतीचा फोटो वकिलाला दाखवू लागला, तर वकील त्याला समजावून सांगेल आणि चहा पाजून परत पाठवेल. काचपेटी ५० सालचा क्षण जपते. हक्क जपण्यासाठी दुसरी यंत्रणा लागते, आणि ती गावाच्या पातळीवर असते.

आता त्या यंत्रणेकडे. मराठवाड्यातल्या कुठल्याही जुन्या तहसीलच्या अभिलेख कक्षात डोकावा. लोखंडी रॅक, त्यावर लाल किंवा खाकी फडक्यात बांधलेले बस्ते, बस्त्याला लटकवलेल्या पुठ्ठ्यावर गावाचे नाव आणि साल. साल नेहमीचे नसते. निजामी कारभार फसली सनावर चालायचा. त्यात साधारण ५९० मिळवले की इसवी सन येते. १३५८ फसली म्हणजे १९४८-४९, पोलीस कारवाईनंतरचे वर्ष. महिन्यांची नावेही आझर, दय, बहमन, इस्फंदार अशी इराणी. भाषा उर्दू, मधे कुठे मोडी, आकडे अनेकदा रकमी पद्धतीने. बस्ता सोडला की आधी धूळ येते, मग वासावरूनच कळते वाळवी आहे की ओल. पान घडीच्या रेषेवर तुटलेले असते. कुणीतरी कधीकाळी त्यावर सेलोटेप लावलेला असतो आणि त्याचा गोंद तपकिरी होऊन नेमका खातेदाराच्या नावावर पसरलेला असतो.

या सगळ्यात १९५४-५५ चे खासरा पत्रक हा मराठवाड्याच्या जमिनीचा पायाचा कागद मानला जातो. सर्व्हे नंबर, क्षेत्र, खातेदार, कसणारा. १९४९ मध्ये जहागिरी संपल्या, १९५० मध्ये हैदराबादचा कूळकायदा आला. त्या दोन कायद्यांनंतर जमीन खरोखर कुणाच्या नावे राहिली, याची नोंद या पत्रकात दिसते. इनामी जमिनीचा वाद असेल तर मुंतखब, म्हणजे इनामाचा दाखला, शोधावा लागतो. तो बहुतेक उर्दूत असतो आणि तालुक्यात तो वाचणारे बोटांवर मोजण्याइतके उरतात. कूळकायद्याने दिलेला हक्क हा संविधानाच्या मार्गदर्शक तत्त्वांतून आलेला. पण त्या कुळाच्या नातवाला कोर्टात दाखवायला लागतो तो हाच फाटका तक्ता.

सरकारी कागदांचे आयुष्य त्यांच्या वर्गावर ठरते, ही गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत असते. ‘अ’ वर्गातला कागद कायम ठेवायचा, ‘ब’ तीस वर्षे, ‘क’ त्याहून कमी, ‘ड’ वर्षभरात निकाली. हे ठरवतो एखादा अव्वल कारकून, कामाच्या घाईत, यादीवर बोट ठेवून. एखाद्या भूमिहीनाचा जमिनीसाठीचा अर्ज ‘ड’ मध्ये गेला की पुढच्या वर्षी तो रद्दीत, आणि त्या माणसाने कधी मागितलेच नव्हते असे म्हणायला शासन मोकळे. महाराष्ट्राने २००५ चा सार्वजनिक अभिलेख अधिनियम केला, तो अशा गोष्टींना शिस्त लागावी म्हणून. कायदा चांगला आहे. तो राबवायला प्रशिक्षित माणूस, कोरडी खोली आणि थोडा पैसा लागतो.

या बस्त्यांची किंमत जालना जिल्ह्याला कळली ती २०२३ मध्ये, आणि ज्या प्रकारे कळली तसे क्वचितच घडते. १ सप्टेंबरला अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी बसलेल्या उपोषणकर्त्यांवर लाठीमार झाला. आठवडाभरात शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. मराठवाड्यातल्या मराठा समाजाच्या कुणबी नोंदी निजामकालीन महसुली, शैक्षणिक आणि इतर कागदांत आहेत का, हे तपासायचे काम तिच्याकडे आले. मग एकाएकी सगळ्या तहसिलींत बस्ते सुटू लागले. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना बोलावणी गेली, शाळांची जुनी रजिस्टरे कपाटावरून खाली आली, पाने स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढू लागली. समिती हैदराबादलाही जाऊन आली, कारण मूळ कागदांचा बराच साठा तिथे राहिला होता. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये हैदराबाद गॅझेटिअरवरचा शासन निर्णयही आला.

आरक्षणाच्या प्रश्नावर मतभेद आहेत आणि ओबीसी समाजाचे आक्षेपही कोर्टापर्यंत गेले आहेत. ती चर्चा या पुस्तकाच्या कक्षेबाहेरची. अभिलेखांच्या अंगाने मात्र मला एक प्रश्न पडतो. सत्तर वर्षे कुणाला हात लावायची गरज वाटली नाही असे बस्ते आठवडाभरात सोन्याच्या मोलाचे कसे झाले? उत्तर सरळ आहे. कलम १५ आणि १६ मधली समान संधी दिल्लीच्या पेटीत सुखरूप होती. पण तिचा लाभ कुणाला, हे ज्या ओळीवर ठरते, ती ओळ कुठल्यातरी गावच्या मास्तरने किंवा पटवाऱ्याने टाकाने लिहून ठेवली होती. स्कॅनिंग घाईत झाले. काही पाने उलटसुलट लागली, काही अर्धवट. आणि स्कॅन झाला म्हणून मूळ कागद टाकून देता येत नाही, हे बजावून सांगावे लागते. संगणकातली प्रत उघडण्यासाठी तीस वर्षांनी चालेल असे यंत्र असावे लागते. उत्तम कागद निव्वळ डोळ्यांनी वाचता येतो.

या मातीत याहून जुना एक पुरावा आहे. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहूतच्या स्तूपांवरच्या दानलेखांत भोगवर्धनहून आलेल्या दात्यांच्या नोंदी आहेत. १९७३ मध्ये शां. भा. देव आणि रमेश शं. गुप्ते यांच्या देखरेखीखाली इथे उत्खनन झाले, तेव्हा सातवाहन काळातली भरभराट उजेडात आली. पाँपेईत सापडलेल्या प्रसिद्ध हस्तिदंती मूर्तीशी नाते सांगणारी एक मूर्तीही निघाली. त्या दानलेखांत राजे थोडे, साधी माणसे जास्त. दगडात कोरायला पैसा लागे, म्हणून ज्याच्याकडे पैसा त्याचे नाव टिकले. प्रजासत्ताकाने हे गणित उलटवले: १९५१-५२ च्या मतदारयाद्यांत पैसा नसलेल्यांचीही नावे आली. तरी देशभरात सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे गळली, कारण अमक्याची बायको, तमक्याची आई यापलीकडे नाव सांगायला त्या किंवा त्यांच्या घरची माणसे तयार नव्हती. त्या पहिल्या याद्या कुठे पूर्ण मिळतात, कुठे तुकड्यांत. माझ्या मते त्या ‘अ’ वर्गाच्याही वर, वेगळ्या कपाटात असाव्यात.

सगळे जपलेले कागद अभिमानाचे नसतात, हेही सांगायला हवे. पोलीस कारवाईनंतर मराठवाड्यात आणि लगतच्या जिल्ह्यांत मुसलमानांवर जे अत्याचार झाले, त्यांची पाहणी पंडित सुंदरलाल यांच्या समितीने केली. तो अहवाल दशकानुदशके दडवून ठेवला आणि २०१३ च्या सुमारास दिल्लीत अभ्यासकांना वाचायला मिळू लागला. रझाकारांचे जुलूम आमच्या आजोबांनी सांगितले, तेही खरे; हा अहवालही खरा. हक्कांचा इतिहास लिहिणाऱ्याने दोन्ही बस्ते सोडायचे असतात. त्यातला एकच सोडून दुसरा बांधलेला ठेवला, तर मग ती अभिलेखांची निगा उरत नाही.

प्रस्तावना संपवण्याआधी वाचकांना थोडे व्यवहाराचे. संविधान वाचायचे तर ‘भारताचे संविधान’ ही सरकारी मराठी आवृत्ती घ्या आणि ती कुठल्या दुरुस्तीपर्यंतची आहे, हे आधी पहा. भोकरदन शोधायचे असेल तर संविधानात महाराष्ट्राच्या नोंदीपासून राज्य पुनर्रचना कायदा १९५६ च्या कलम ८ कडे जा, तिथे औरंगाबाद जिल्हा सापडेल. पुढे १ मे १९८१ ला त्यातून जालना जिल्हा वेगळा झाला. मराठवाड्याचे जुने कागद काही औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) पुराभिलेखागारात, काही हैदराबादेत, काही अजून तहसिलीत आहेत, तेव्हा एका ठिकाणी नाही मिळाले म्हणून परत फिरू नका. आणि घरात आजोबांच्या पेटीत सनद, मुंतखब, पावती किंवा उर्दूतला एखादा दाखला असेल, तर त्याला लॅमिनेशन करू नका. उष्णतेने प्लास्टिक कागदात शिरते आणि ते पुन्हा सुटत नाही. सेलोटेप नको. घडी मोडून सपाट ठेवा, मधे पांढरा आम्लविरहित कागद घाला, उन्हात वाळवू नका. आधी मोबाइलवर दोन्ही बाजूंचा फोटो घ्या, शिक्क्यांसकट, कारण शिक्क्यातच बहुतेक वेळा साल आणि कचेरीचे नाव असते. वाचून देणारा माणूस तालुक्यात नसेल तर जालन्यात किंवा औरंगाबादेत चौकशी करा, आणि मूळ कागद त्याच्याकडे सोडून येऊ नका.